मौन कोठे शोभते?

(जिल्हास्तरीय शालेय क्रीडास्पर्धेच्या पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



कीर्ती कशी मिळवावी हे मैदान शिकवते. तिच्यावर शिंतोडे उडू लागले म्हणजे कसे वागावे, हे मात्र कोणताही प्रशिक्षक शिकवीत नाही. म्हणून सचिन तेंडुलकरच्या आयुष्यातील दोन प्रसंग सांगतो.

नोव्हेंबर २००१, पोर्ट एलिझाबेथची कसोटी. मैदानावरील पंचांची तक्रार नसताना सामनाधिकारी माइक डेनेस यांनी दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणावरून सचिनला दोषी ठरविले. मानधनाच्या ७५ टक्के दंड आणि एका कसोटीची स्थगित बंदी! आणखी पाच भारतीयांनाही शिक्षा झाल्या. देशभर संतापाची लाट उसळली. आपले मंडळ अडून बसले, डेनेस यांना बाजूला व्हावे लागले आणि सेंच्युरियनचा पुढचा सामना अधिकृत कसोटी म्हणून गणला गेला नाही. या गदारोळात सचिन मात्र डेनेस यांच्यावर जाहीरपणे तुटून पडला नाही. चेंडूच्या शिवणीत अडकलेले गवत पंचांना न सांगता काढणे, एवढाच त्याचा दोष होता. चेंडू कुरतडल्याचा आरोप नव्हताच, हे पुढे आंतरराष्ट्रीय परिषदेकडूनच स्पष्ट झाले. डिसेंबरात अहमदाबादला इंग्लंडविरुद्ध त्याने १०३ धावा काढल्या. त्याच्या वतीने बोलायला बारा वर्षांचे निष्कलंक वर्तन उभे होते. तेथे मौन शोभले.

दुसरा प्रसंग मला, त्याच्या भक्ताला, सांगताना जड जातो. २००२ साली त्याने ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाट कंपनीने त्याला फेरारी मोटार भेट दिली. २००३ मध्ये तिच्यावरील आयात शुल्क सरकारने माफ केले. त्यावर टीकेची झोड उठली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. आपल्या देवावर खटला कसला, म्हणून तेव्हा मीही चिडलो होतो. पण हा पैसा सरकारी तिजोरीचा, म्हणजे तुमच्या वडिलांच्याही करातला. येथे धावा साक्षीला येत नाहीत. शंका फिटली ती कंपनीने शुल्क भरले तेव्हा. ते पहिल्याच दिवशी भरले गेले असते तर बोभाटा झालाच नसता, असे माझे मत आहे.

ती मोटार २०११ मध्ये विकली गेली. आमच्या कट्ट्यावर पोर्ट एलिझाबेथच्या चेंडूची आठवण आता कोणी काढत नाही. फेरारीच्या शुल्काची मात्र अजून निघते.