पाचवी खेप : दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांशी हितगुज

(न्यासाच्या दंत महाविद्यालयात प्रथम वर्षास दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या स्वागत समारंभात रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावर दंतवैद्यकातील अधिकारी मंडळी विराजमान असताना वाणिज्य शाखेच्या पदवीधराने आपणांपुढे बोलावे, हा खरे तर औचित्यभंगच होय. आमचे काम जमाखर्चाचे, साठा-नोंदवहीचे आणि केसपेपरांचे. दात कसा काढावा किंवा कसा वाचवावा, हे आम्ही सांगू शकणार नाही. मात्र आमच्या कार्यालयाची खिडकी दंतविभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाकडे उघडते. त्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या बिचकत आत येताना आणि आत्मविश्वासाने बाहेर पडताना आम्ही पाहिल्या आहेत. जे पाहिले तेच आज सांगणार आहोत. त्यात आमच्या हातून झालेली एक चूकही आहे.

आपण ज्या विद्येच्या दारात उभे आहात, तिचा आपल्या देशातील इतिहास फार जुना नाही. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कोलकात्यात भारतातील पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 साली उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर 1948 साली दंतवैद्यांविषयीचा कायदा झाला आणि या शिक्षणाला व व्यवसायाला देशभर एक शिस्त लाभली. अलीकडे 2023 साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. पूर्वी दात दुखला की माणूस रस्त्याच्या कडेला चिमटा घेऊन बसलेल्या इसमाकडे जात असे. आपले शिक्षण इतके काटेकोर का आहे, हे समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी पुरेशी आहे.

आता आपल्या पुढील चार वर्षांविषयी आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या आंतरवासितेविषयी. ‘दातांचा डॉक्टर म्हणजे सोपे काम’ असा समज घेऊन आलेले विद्यार्थी पहिल्या महिन्यातच भानावर येतात. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायनशास्त्र हे विषय आपणांसही चुकत नाहीत. त्यांच्या जोडीला दातांची रचना येते. पटाशीचा दात, सुळा, उपदाढ, दाढ या शब्दांपलीकडे ज्यांची कधी मजल गेली नव्हती, त्यांना प्रत्येक दाताचा क्रमांक, त्याची मुळे, त्याचे उंचवटे आणि खाचा मुखोद्गत कराव्या लागतात. 36 क्रमांक म्हणजे खालच्या जबड्यातील डावीकडची पहिली मोठी दाढ. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. दुधाचा एकही दात न पाडता ती मुकाट्याने मागे उगवते, म्हणून पुष्कळ आईबाप तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडून दुसरी येईल’ म्हणून स्वस्थ बसतात. ती पुन्हा कधीच येत नाही. क्रमांक पाठ करण्याचा कंटाळा येईल, तेव्हा ही दाढ आठवावी.

पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात. वसतिगृहाच्या खोल्यांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात आणि दुसऱ्या दिवशी सफाई कर्मचारी मेणाच्या कपच्यांची तक्रार घेऊन आमच्याकडे येतात. चार रात्री जागून कोरलेली दाढ सर हातात घेतात, फिरवून पाहतात आणि ‘पुन्हा करा’ एवढेच म्हणून परत देतात. त्या क्षणी डोळ्यांत पाणी येते. दुसऱ्या वर्षी मेणाची जागा प्लास्टर घेते. ॲप्रन, बूट, केस सारे पांढरे होते. कृत्रिम डोक्याच्या जबड्यावर दात कोरण्याचा व भरण्याचा सराव होतो. येथे एक विलक्षण कौशल्य शिकावे लागते. वरच्या दाढा सरळ दिसत नाहीत. त्या छोट्या आरशात पाहूनच काम करायचे असते, आणि आरशात पुढचे मागे दिसते. हात एकीकडे जायचा तो भलतीकडेच जातो. पुढे तो आपोआप वळू लागतो. मात्र याच काळात मान वाकडी करून बसण्याची सवय जडते. ती वेळीच मोडा. पाठीच्या आणि मानेच्या दुखण्याने बेजार झालेले अनेक उत्तम दंतवैद्य आम्ही पाहिले आहेत.

तिसऱ्या वर्षी खरा रुग्ण समोर येतो. भूल देण्याची सुई पहिल्यांदा हातात धरलेल्या विद्यार्थिनीचा हात थरथरतो आणि खुर्चीतील आजीबाईच तिला म्हणतात, “घाबरू नको पोरी, दे टोचून.” हा प्रसंग आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकला आहे. याच वर्षी आपण रुग्णाला प्रश्न विचारायला शिकता. मिश्री लावता का, तंबाखू किती वर्षांपासून, सुपारी किती, तोंड पूर्ण उघडते का. आपल्या राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारीने आवळत गेलेली तोंडे आपल्या विभागात आजही येतात. दाढ दाखवायला आलेल्या माणसाच्या गालाच्या आतला पुसून न जाणारा पांढरा चट्टा आपण वेळीच पाहिला, तर कदाचित त्याचे प्राण वाचतील. म्हणून दुखणाऱ्या दाताआधी सगळे तोंड पाहण्याची शिस्त आपले अध्यापक लावतात.

अंतिम वर्ष हे वह्यांचे आणि सह्यांचे वर्ष. विद्यार्थी काही आठवड्यांसाठी एकेका विभागात जातो. प्रत्येक विभागात ठरावीक संख्येने रुग्णांचे काम पूर्ण करावे लागते, त्याला विद्यार्थी ‘कोटा’ म्हणतात. इतके दात काढणे, इतके भरणे, इतक्या कवळ्या. प्रत्येक पायरीवर सरांची सही हवी. कोटा अपुरा राहिला तर परीक्षेला बसण्याची पंचाईत. सही आणि नोंद यांचे महत्त्व आमच्यासारख्या हिशेबनिसास कोणी समजावून देण्याची गरज नाही. परंतु नोंद खरी असूनही हिशेब चुकू शकतो, हे आम्हांस ज्या प्रसंगाने शिकवले, तो आता सांगतो.

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मार्चअखेरची साठा-पडताळणी चालू होती. कवळी विभागातील एका कपाटाची किल्ली सापडत नव्हती. ते उघडल्यावर आत प्लास्टिकचे एकोणीस डबे निघाले. प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव, केसपेपरचा क्रमांक आणि तारीख. आत झकास घासूनपुसून चकचकीत केलेल्या, पूर्ण तयार कवळ्या. यांची नोंद कोणत्या सदरात करावी, असे आम्ही भांडारपालांस विचारले. ते म्हणाले, “साहेब, हा साठा नाही. हे पेशंटांचे दात आहेत.”

त्या दिवशी आम्ही विभागप्रमुखांकडून कवळीची सारी प्रक्रिया समजून घेतली. ज्यांचे सर्व दात गेले आहेत, अशा रुग्णास आपल्या विभागात किमान पाच वेळा यावे लागते. पहिल्या खेपेस जबड्याचे माप, दुसऱ्या खेपेस अधिक अचूक माप, तिसऱ्या खेपेस दोन्ही जबड्यांतील अंतराची व संबंधाची नोंद, चौथ्या खेपेस मेणात लावलेले दात तोंडात बसवून पाहणे, आणि पाचव्या खेपेस कवळी देणे. दोन खेपांच्या मधले काम विद्यार्थी प्रयोगशाळेत स्वतःच्या हातांनी करतो. हे एकोणीस रुग्ण चार खेपा आले होते. पाचव्यांदा आले नव्हते.

विद्यार्थ्यांच्या वह्या काढून पाहिल्या. सर्वत्र सह्या होत्या. तयार कवळी दाखवली की सही, असा तेव्हाचा नियम होता. सही झाल्यावर विद्यार्थी पुढच्या विभागात गेले. नव्या तुकडीला जुने रुग्ण ठाऊक नव्हते. कोणीही लबाडी केली नव्हती. प्रत्येकाने आपापले काम चोख केले होते, आणि तरीही एकोणीस तोंडांत दात नव्हते.

आमच्या कार्यालयाचा दोष याहून मोठा होता. दर खेपेस नवा केसपेपर आणि त्याचे शुल्क, हा नियम आमचा. नोंदणीची खिडकी अकराला बंद, हाही आमचाच. लांबच्या गावांहून येणारी एसटी तर अकराच्या सुमारासच पोहोचत असे. आणि त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात ‘तयार केलेल्या कवळ्या’ या सदराखाली त्या एकोणीस कवळ्या आम्हीच मोजून छापल्या होत्या.

आम्ही पत्रे पाठवली, दूरध्वनी केले. बाराजणांचा ठावठिकाणा लागला. काहीजण ऊसतोडीला गेले होते. दोघे निवर्तले होते. एक आजोबा आमच्या टेबलासमोर बसून म्हणाले, “दातासाठी चार दिवसांची मजुरी बुडवली, साहेब. पाचव्यांदा घरी सांगायची लाज वाटली.” वस्तू वापराविना राहिली तर दुसऱ्यास देता येते, कवळी देता येत नाही, कारण ती एकाच जबड्याची असते. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते, आणि कवळी पाण्याविना पडून राहिली तर तिचाही आकार बिघडतो. परत आलेल्यांपैकी बहुतेकांना ती नीट बसेना. पुन्हा पहिल्या मापापासून आरंभ करावा लागला.

त्यानंतर विभागप्रमुखांच्या संमतीने काही नियम बदलले. कवळीच्या सर्व खेपांना एकच केसपेपर आणि एकदाच शुल्क. कवळीच्या रुग्णांना तारीख बाजाराच्या दिवसाची, कारण त्या दिवशी ते शहरात येतातच. विभाग सोडताना अपुऱ्या रुग्णांची यादी पुढच्या विद्यार्थ्याकडे सोपवणे बंधनकारक. आणि अंतिम सही तयार कवळीवर नव्हे, तर रुग्णाने ती घातल्यावर व दुसऱ्या तपासणीनंतर. नवी कवळी पहिल्या काही दिवसांत हिरडीला टोचते. तेव्हा ती थोडी घासून दिली नाही, तर आजी ती कोनाड्यात ठेवून देतात आणि पुन्हा हात लावत नाहीत.

हा बदल विद्यार्थ्यांस जाचक वाटला, हे आम्ही नाकारत नाही. रुग्ण आला नाही तर परीक्षेची शिक्षा आम्हांला का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. परीक्षा तोंडावर आली असता अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी आमच्या कार्यालयात येऊन रडली. तिने आपल्या रुग्णाचे शुल्कही खानावळीच्या पैशांतून भरले होते, आणि तो येत नव्हता. त्याच आठवड्यात आपल्या फिरत्या दंतपथकाची गाडी त्या बाजूस जाणार होती. आपल्या अध्यापिकेसह ती गेली. गृहस्थ खळ्यावर ज्वारीच्या मळणीत होते. तेथेच हात धुऊन, बाजेवर बसवून तिने कवळी बसवली आणि काहीतरी बोलून दाखवायला सांगितले. पुढचे दात नसल्याने काही अक्षरे तोंडातून निसटतात. त्यांनी नातवाला नावाने हाक मारली. नातू आधी ओळखीचा आवाज आणि अनोळखी उच्चार ऐकून नुसता पाहत राहिला, मग धावत आला. परतल्यावर तिने हे आम्हांस सांगितले. पुढल्या बाजाराच्या दिवशी ते गृहस्थ टोचणारी जागा घासून घ्यायला आपणहून आले, आणि तिची सही झाली.

आता अहवालातील त्या सदराचे नाव ‘रुग्णांनी वापरात घेतलेल्या कवळ्या’ असे आहे. पहिल्या वर्षी तो आकडा आधीपेक्षा कमी भरला आणि विश्वस्त मंडळाच्या सभेत आम्हांस त्याचे कारण विचारले गेले. आम्ही वरील हकिकत सांगितली. मंडळाने ती ऐकून घेतली आणि बदललेले सदर कायम केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

विद्यार्थी मित्रहो, कोटा टाकाऊ आहे, असे सांगण्याचा आमचा हेतू नाही. पुरेसे काम केल्याविना हात तयार होत नाही. परंतु जो माणूस आपल्या शिकण्यासाठी तोंड उघडून बसतो, तो बहुधा गरीब असतो, आणि आपल्या शिक्षणाची किंमत तो रोजगार बुडवून मोजत असतो. ती रक्कम आपल्या शुल्काच्या पावतीवर कुठेही दिसत नाही. मेणातली पहिली दाढ कोरण्यापासून अंतिम वर्षाच्या शेवटच्या सहीपर्यंत याचे भान राहावे, एवढीच अपेक्षा.

पालकांना विनंती अशी की, मुले घरी आली की गुणांआधी जेवण-झोपेची चौकशी करावी. आणि विद्यार्थ्यांना सांगणे असे की, रुग्ण येत नसेल, एसटीची वेळ जुळत नसेल, शुल्काची अडचण असेल, तर एकट्याने कुढत बसू नका. आमच्या कार्यालयाचे दार उघडे आहे. असले प्रश्न सोडवणे हेच आमचे काम.

आपणां सर्वांचे न्यासाच्या वतीने स्वागत करून आम्ही आमचे भाषण संपवतो.