वैऱ्याशी सूत जुळते तेव्हा



गेल्या पावसाळ्यात माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाई तक्रार घेऊन आल्या. वर्गातल्या एका हुशार मुलीच्या दप्तरात त्यांना जाडजूड कादंबरी सापडली होती. बाई म्हणाल्या, “अहो, यातला नायक म्हणजे नायिकेच्या घराण्याचा हाडवैरी. हाताला रक्त लागलेलं. आधी तिच्या जिवावर उठतो, आणि पुढं तिचं त्याच्यावरच मन बसतं! पोरीला विचारलं, तर म्हणते, तोच मला सगळ्यांत आवडतो. आता काय करावं?”

अशा अद्भुत, काळोख्या प्रेमकथांचे सध्या पेव फुटले आहे. होली ब्लॅक या अमेरिकन लेखिकेच्या २०१८ सालच्या ‘द क्रुएल प्रिन्स’मध्ये पऱ्यांच्या राज्यात वाढलेली एक मानवकन्या आहे, आणि तिचा उठता-बसता पाणउतारा करणारा राजपुत्र. रिबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ २०२३ साली निघाली. तिच्यात नायिकेची आई सेनापती, आणि नायकाचा बाप बंडखोर म्हणून देहान्त शिक्षा भोगून गेलेला. म्हणजे वैर पिढीजातच.

बाईंना हे सारे परदेशी खूळ वाटत होते. मला मात्र आपल्या सांगोला तालुक्यातले नाझरे आठवले. हरिविजय, पांडवप्रताप लिहिणारे श्रीधरस्वामी या नाझऱ्याचे. पुढे ते पंढरपुरास राहिले. त्यांच्या पोथ्या गावोगावच्या देवळांत लागत. एकाने ओवी वाचायची, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, आणि खांबाआड बसून बायांनी ऐकायचे. श्रीधरांनी ‘जैमिनी अश्वमेध’ही ओवीबद्ध केला. त्या जैमिनीच्या कथेत प्रमिलेचे आख्यान आहे.

अश्वमेधाचा घोडा फिरत फिरत स्त्रीराज्यात शिरतो. तेथे सगळ्या स्त्रियाच. पुरुष गेला तर महिनाभरापेक्षा जास्त जगत नाही, असे ते भयंकर ठिकाण. राणी प्रमिला घोडा बांधून ठेवते. अर्जुन सोडवायला येतो. दोघांचे युद्ध जुंपते, आणि गांडीवधारी अर्जुनाचे तिच्यापुढे काही चालत नाही. तो चिडून निर्वाणीचे अस्त्र सोडणार, तोच आकाशवाणी होते. (आमच्या केंद्रावरची नव्हे!) ती सांगते, ‘स्त्रीहत्या करू नकोस. हिला तू जिंकू शकणार नाहीस. जीव वाचवायचा असेल तर हिच्याशी लग्न कर.’ अर्जुन धनुष्य खाली ठेवतो.

खांबाआडच्या बायांना त्या क्षणी काय वाटत असेल? त्यांतल्या कित्येकींची लग्ने दहाव्या-बाराव्या वर्षी झालेली. नवरा कसा, सासू कशी, काही ठाऊक नाही. बैलगाडीत बसवले आणि परक्या वेशीत नेऊन सोडले. त्या वयाच्या पोरीला नवरा म्हणजे वैरी नसला तरी भीती वाटावी असा अनोळखी माणूस. तो उद्या आपले ऐकेल का, हा तिच्या साऱ्या आयुष्याचा प्रश्न. घरात तो कुणाला विचारायची सोय नव्हती. पोथीत त्याचे उत्तर मिळे, तेही राणीच्या थाटात.

फ्रान्समध्येही तेच. एक सुंदर मुलगी आणि तिला आपल्या वाड्यात ठेवून घेणारा पशू, ही गोष्ट १७५६ साली लप्रँस द बोमाँ या बाईंनी मुलींसाठी लिहिली. बाई पेशाने शिक्षिका होत्या, हे आपल्या शिक्षकबंधूंनी ध्यानात घ्यावे. त्या काळी तिथल्या मुलींचीही लग्ने वडीलधारेच ठरवीत. त्या गोष्टीतला पशू रोज रात्री जेवणाच्या वेळी मुलीला विचारतो, ‘माझ्याशी लग्न करशील?’ ती नाही म्हणते. तो ते ऐकून घेतो आणि निघून जातो. माझ्या मते सगळी गोष्ट त्या निघून जाण्यात आहे. दार फोडण्याची ताकद असलेला पशू तिच्या ‘नाही’पुढे थांबतो.

अरबी गोष्टी तर आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणल्या. रोज एक राणी मारणारा बादशहा, आणि रात्रीमागून रात्र गोष्ट सांगून त्याची तलवार म्यानात ठेवायला लावणारी शहाजादी. याहून काळोखी प्रेमकथा कोणती?

पण एका बाबतीत बाईंची काळजी खरी आहे. या नव्या कादंबऱ्यांपैकी पुष्कळशा उघडपणे मोठ्यांसाठी लिहिलेल्या असतात; त्या शाळकरी मुलीच्या हाती नकोत. आणि काहींत नायक शेवटपर्यंत बदलत नाही. मारतो, कोंडतो, आणि त्यालाच प्रेम म्हणतो. पुस्तकातला दुष्ट मिटून फळीवर ठेवता येतो. घरातला मिटता येत नाही. ‘आज ना उद्या सुधारेल’ म्हणून मार खात राहिलेल्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या पोथी ऐकून तशा राहिल्या नव्हत्या. त्यांना माहेरी परत घ्यायला कुणी तयार नव्हते म्हणून राहिल्या होत्या.

म्हणून मी बाईंना म्हटले, “पुस्तक हिसकावू नका. आधी स्वतः वाचा. मग पोरीला एवढंच विचारा, की शस्त्र पहिल्यांदा कुणी खाली ठेवलं?”

बाईंनी खरेच विचारले. पोर म्हणाली, “त्यानं. पण बाई, तिनं आपलं ठेवलंच नाही. कमरेलाच होतं.”

परवा बाजारात बाई पुन्हा भेटल्या. जरा घुश्शात होत्या. पुढचा भाग पोरीने मैत्रिणीला दिला होता, आणि बाईंचा नंबर तिसरा होता.