वारसा मिळतो, पण की मिळत नाही

आज पोस्टग्रेसमधलं टेबल इनहेरिटन्स बघू या. मांडायला सोपं आहे, आणि तिथेच माणूस फसतो.

समजा, वाहतूक कंपनीचा डेटाबेस आहे. ‘वाहने’ हे मूळ टेबल, त्यात क्रमांक आणि खरेदीची तारीख. इनहेरिट्स लिहून त्याखाली ‘ट्रक’ आणि ‘बस’ केली. ‘वाहने’वर सिलेक्ट चालवलं की तिन्ही टेबलांतल्या ओळी येतात. फक्त मूळ टेबलातल्या हव्या असतील, तर ओन्ली लिहायचं. हा ओन्ली लक्षात ठेवा.

आता ‘दुरुस्ती’ टेबल करा आणि त्याची फॉरेन की ‘वाहने’कडे लावा. 17 क्रमांकाची गाडी ‘ट्रक’मध्ये आहे, सिलेक्टमध्ये ती समोर दिसतेय. तिची दुरुस्ती नोंदवायला जा, एरर येणार: असा क्रमांक ‘वाहने’मध्ये नाही! कारण फॉरेन कीची तपासणी आतून ओन्ली लावूनच होते. चेक आणि नॉट नल खालच्या टेबलांवर उतरतात. प्रायमरी की, युनिक, फॉरेन की उतरत नाहीत. प्रत्येक टेबलाचा इंडेक्स स्वतंत्र. म्हणजे ‘ट्रक’मध्ये 17 असताना ‘बस’मध्येही 17 बसू शकतो.

मग कंटाळून कुणीतरी फॉरेन कीच काढून टाकतं. पुढे ब्रेक बदलल्याची नोंद सापडते, पण कुठल्या 17 चे, ट्रकचे की बसचे?

मी इनहेरिट्स सोडून देतो. प्रत्येक गाडीची एक ओळ ‘वाहने’मध्येच: क्रमांक प्रायमरी की, शिवाय ‘प्रकार’ हा कॉलम, आणि क्रमांक-प्रकार या जोडीवर युनिक. ‘ट्रक’मध्येही हे दोन्ही कॉलम ठेवायचे, तिथे क्रमांक प्रायमरी की, जोडीची फॉरेन की ‘वाहने’कडे, आणि प्रकार ‘ट्रक’च असावा असा चेक. ‘बस’चंही तसंच. बस मग ‘ट्रक’मध्ये घुसूच शकत नाही. ‘दुरुस्ती’ थेट ‘वाहने’कडे बघते. जॉइन करावा लागतो, एका ट्रॅन्झॅक्शनमध्ये दोन इन्सर्ट लागतात. माझ्या मते हा सौदा स्वस्त आहे.

कुणी म्हणेल, पार्टिशन का नको? 2019 च्या 12 व्या आवृत्तीपासून पार्टिशन केलेल्या टेबलाकडे फॉरेन की लावता येते. खरंय. पण पार्टिशनला स्वतःचे जादा कॉलम ठेवता येत नाहीत. ट्रकची वजनक्षमता आणि बसची आसनं मग एकाच टेबलात, निम्मी नल.

एक फट उरते: ‘वाहने’मध्ये प्रकार ‘ट्रक’ लिहिला, पण ‘ट्रक’मध्ये ओळच घातली नाही, तर वरचे नियम ते पकडत नाहीत. त्यासाठी डिफर्ड कन्स्ट्रेंट ट्रिगर लागतो, तो पुढच्या भागात लिहू.