नाव तुम्ही घ्या
(दहावी १९८७ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, आपल्यातून गेलेल्या वर्गमित्रांची आठवण काढणार आहोत, तुम्ही दोन शब्द बोला." वहिनी कसली? मीही याच वर्गातली, मुलींच्या तिसऱ्या बाकावरची. पण वर्गातल्याच मुलाशी लग्न झालं आणि मी तुमची कायमची वहिनी झाले.

ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्यांना वर्गात तुम्ही कोणत्या टोपणनावानं हाक मारायचा ते मला पाठ आहे. पण समोर पहिल्या रांगेत माझ्या सासूबाई बसल्या आहेत. तीस वर्षांत त्यांच्यासमोर मी ते नाव कधी घेतलं नाही. म्हणून मी आपलं 'हे' म्हणेन, तुम्ही समजून घ्या.

भूगोलाचा तास तुम्हाला आठवत असेल. सरांनी विचारलं होतं, "आपल्या माण तालुक्यात पाऊस कुठून येतो?" नैर्ऋत्य मोसमी वारे, पर्जन्यछाया, सगळं सरांनी आदल्या दिवशीच शिकवलं होतं. हे उभे राहिले आणि म्हणाले, "सर, टँकरनं." वर्ग हसला. सरांनी छडी उचलली, दोन पावलं पुढं आले आणि तेही हसायला लागले. महाबळेश्वर आपल्याच जिल्ह्यात, आणि आपल्याकडं प्यायला टँकर. १९७२ च्या दुष्काळात आपण सगळी मांडीवरची पोरं होतो. आपल्या आयांनी खडी फोडून आणि सुकडी खाऊन आपल्याला वाढवलं. अशा मुलखातल्या माणसानं हसायचं कशावर? ह्यांचं उत्तर असायचं, "आहे त्यावर."

दहावीचा निकाल लागला. हे गणितात गेले. घरात सुतक असल्यासारखं झालं. मामंजींनी विचारलं, "आता काय करणार?" तर हे म्हणाले, "माडगूळकर अण्णा पण गणितातच नापास झालं होतं." ही गोष्ट मराठीच्या बाईंनी सांगितलेली, ती ह्यांनी बरोबर लक्षात ठेवली होती. शेटफळ्यात १९१९ साली जन्मलेले, आपल्या शेजारच्या माडगुळ्याचे गदिमा मॅट्रिकला गणितानं अडले आणि पुढं त्यांनीच १९५५ साली 'गीतरामायण' लिहिलं. पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गाणी घरोघर गेली. मामंजी म्हणाले, "मग तू काय लिहिणार हायस?" हे म्हणाले, "मी दुकानाची वही लिहीन."

आणि तसंच झालं. माण, आटपाडी, खानापूर भागातली पोरं गलाईला जातात, तसे हे चुलत्यांबरोबर केरळात त्रिशूरला गेले. आपल्यातले निम्मे जण या धंद्यात आहेत, त्यांना मी नव्यानं काय सांगू? पण गुरुजनांसाठी सांगते. जुने दागिने भट्टीत वितळवायचे, त्यात ठरलेल्या मापानं चांदी मिसळायची, पातळ तुकडे करून तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळून जातं आणि तळाला तपकिरी गाळ राहतो. तो परत मुशीत घातला की पिवळंधमक सोनं. दुकान झाडलेली मातीसुद्धा टाकत नाहीत, धुऊन त्यातलं सोनं काढतात. सोळा वर्षांचं पोर त्या भट्टीपुढं आणि त्या धुरात उभं राहिलं. पहिल्या पत्रात घरी लिहिलं होतं, "इथं पाऊस रोज पडतो. टँकर लागत नाही. करमत नाही."

१९९३ ला आमचं लग्न झालं. वर्षातले दहा महिने हे तिकडं आणि मी इकडं. दर रविवारी दुपारी शेजारच्या दुकानात फोन यायचा. मी धावत जायची, तर फोनवर आपले मुख्याध्यापक! "मुलांनो, शांतता पाळा." तोच आवाज, तोच खाकरा. पहिल्यांदा मी खरंच "हो सर" म्हणाले. त्यावरून त्यांनी मला पुढची वीस वर्षं चिडवलं.

सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला यायचं म्हणजे यायचंच, हा ह्यांचा नेम. सोलापूरला गाडीतून उतरून एसटीनं यायचे. दोन्ही मुली फाट्यावर वाट बघत उभ्या. हे उतरले की अनोळखी असल्यासारखे मल्याळीत काहीतरी बडबडायचे. "ह्या कुणाच्या पोरी?" असं खुणेनं विचारायचे. धाकटी रडायच्या बेताला आली की पिशवीतून केळ्याचे वेफर्स काढायचे. घरी आल्यावर पहिला तास आईजवळ, मग मुली, आणि चूल विझल्यावर मी. माझ्या वाट्याला शेवटचा नंबर, पण तेव्हा बांगड्यांचा आवाज ऐकून म्हणायचे, "तिकडं दिवसभर सोनं बघतो गं, पण ह्या काचेचा आवाज लागतो."

थोरली दहावीला आली तेव्हा तिला गणिताची धास्ती बसली. "पप्पा नापास झाले, मीही होणार," असं म्हणून जेवेना. फोनवर किती समजावलं, उपयोग झाला नाही. मग ह्यांनी काय करावं? सतरा नंबरचा फॉर्म भरला! चाळिशी ओलांडलेला माणूस चुलत्यांवर दुकान सोपवून तीन महिने गावी आला. रात्री कंदिलासारखा एकच दिवा, लोडशेडिंगचे दिवस, आणि बाप-लेक एकाच वहीत गणितं सोडवताहेत. ती चुकली की हे म्हणायचे, "वा, आपल्याच वळणावर गेलीस." हे चुकले की ती हसायची. हसता हसता तिची भीती कुठं गेली ते तिलाही कळलं नाही. २०१२ साली दोघं पास झाले. तिला गणितात अठ्ठ्याऐंशी आणि ह्यांना छत्तीस. पेढे वाटले ते छत्तीसचे. मुलीचे पेढे वेगळे वाटले, कारण "दोन्ही एकात भागवायला मी काय कंजूष आहे?"

मित्रांनो, लोक म्हणायचे, माणूस मजेशीर आहे, ह्याला कशाचं काही वाटत नाही. मी जवळून बघितलं म्हणून सांगते. त्यांना सगळं वाटायचं. रथाची सुट्टी संपली की जायच्या आदल्या रात्री ते झोपत नसत. ओट्यावर बसून राहायचे. सकाळी मात्र असं काही बोलायचे की मुली हसत हसत टाटा करायच्या. त्यांना घरातून रडका निरोप नको असायचा. हसवणं हे त्यांचं कष्टाचं काम होतं, भट्टीसारखंच. ते आमच्यासाठी केलेलं होतं.

आता जे बोलणार आहे ते बोलायला मला दोन वर्षं लागली.

२०२२ च्या मे महिन्यात पेपरात बातमी आली होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनंही इतर गावांनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ह्यांनी ती बातमी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली. छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. वाचून झाल्यावर म्हणाले, "ऐकलंस ना? मी गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत. महाग झाल्यात." मी लाटणं उगारलं. मग हसू थांबवून म्हणाले, "चेष्टा नाही. शब्द दे." मी दिला.

२०२३ मध्ये हे गेले. अंगणात बायका जमल्या. कोण होत्या ते सांगत नाही, सगळ्या मायेच्याच होत्या, त्यांनी आयुष्यभर जे बघितलं तेच केलं. माझा हात धरला. मला फक्त "नको" एवढं म्हणायचं होतं. तोंडातून शब्द फुटला नाही. काचेचा आवाज झाला. तीस वर्षांत त्यांना दिलेला एकच शब्द मी मोडला, आणि तोही त्यांच्या समोर.

नंतर घरात हसणं बंद झालं. मुली फोन करायच्या, मी "हं" म्हणायची. एके दिवशी थोरलीनं एक पुस्तक आणून दिलं, 'आकाशाशी जडले नाते'. गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, वय अवघं अठ्ठावन्न. त्यांच्या मागं पत्नी विद्याताईंनी लिहिलेल्या ह्या आठवणी. मी वाचत असताना मनात येत होतं, एवढ्या मोठ्या माणसाच्या बायकोला सुद्धा शेवटी तेच करावं लागलं जे मला करायचं होतं. बसायचं, आणि आपला माणूस घरात कसा होता ते सांगायचं. आपण सांगितलं नाही तर दुसरं कोण सांगणार? त्या रात्री मुलींना मी पहिल्यांदा टँकरची गोष्ट सांगितली. धाकटीला ती माहीतच नव्हती. ती हसली, मग रडली, मग आम्ही तिघी हसलो.

महिन्यापूर्वी आपल्या वर्गातल्या मैत्रिणी घरी आल्या. म्हणाल्या, मेळाव्यात हळदीकुंकू ठेवलंय, तू यायचं, आणि पहिलं कुंकू तुला. मी सासूबाईंकडं बघितलं. माझ्या सासूबाईंनी जन्मभर सगळ्या रीती पाळल्या. मामंजी गेले तेव्हा त्यांच्या बांगड्या कुणी फोडायच्या आधी त्यांनी स्वतः उतरवल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, उठून आत गेल्या. मला वाटलं, रागावल्या. चार दिवसांनी दहिवडीच्या बाजाराला मला घेऊन गेल्या आणि कासारापुढं बसवलं. कासाराला म्हणाल्या, "हिरव्या भर. डझनभर भर. माझ्या पोराला आवाज आवडायचा."

ह्या बघा, ह्याच त्या.

ठराव गावाचा असू दे, परिपत्रक सरकारचं असू दे, "नको" हे अंगणात उभ्या असलेल्या कुणीतरी म्हणावं लागतं. त्या दिवशी मला म्हणता आलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या अंगणात ती वेळ आली तर त्या बाईच्या वतीनं तुम्ही म्हणा. ह्यांची आठवण म्हणून माझं एवढंच मागणं आहे. फलक नको, फोटोला हार नको.

शेवटी, मैत्रिणींनी सांगितलंय की उखाणा घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही. पण नाव घ्यायची मला अजून लाज वाटते, सासूबाई समोर आहेत. म्हणून असं करू. उखाणा मी घेते, आणि नाव येईल तिथं तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना वर्गात ज्या नावानं हाक मारायचा, त्या नावानं मोठ्यानं हाक मारा. सर, तुम्हीसुद्धा.

आटली जरी माणगंगा, वाळूत लागतो झरा,
…चं नाव घेते, हसणं हाच माझा दागिना खरा.