पावसाची बातमी आणि आपली पेरणी
(रात्रीच्या साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पावसावर बोलायचे आहे. पाऊस कधी येईल, ते मात्र मी सांगणार नाही. सांगणारे पुष्कळ आहेत. पंचांग सांगते, रेडिओ सांगतो, टीव्ही सांगतो, आता खिशातला मोबाईलही सांगतो. मृगाचे वाहन बेडूक की कोल्हा, यावर पारावर वाद होतात ते वेगळेच. इतके सगळे सांगतात, तरी दुबार पेरणीची पाळी का येते? बातमी खोटी असते, की ती कशी वापरावी ते आपल्याला कळत नाही?

आधी बातमी कुठून येते ते पाहू. सरकारचे हवामान खाते १८७५ सालचे. १९२८ साली त्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्याला आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून सिमला ऑफिस म्हणतात. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला गेली. शेतीच्या हवामानाचा विभाग मात्र १९३२ साली पुण्यात निघाला, आणि ते काम पुण्यातच राहिले.

हे खाते उन्हाळ्यात साऱ्या पावसाळ्याचा अंदाज सांगते. तो आपण फार मनावर घेतो. "यंदा पाऊस सामान्य" असे ऐकले की जिवाला बरे वाटते. पण हा अंदाज साऱ्या देशाचा, आणि चार महिन्यांच्या बेरजेचा असतो. सरासरीच्या शेकडा ९६ ते १०४ पाऊस पडला की खाते त्याला सामान्य म्हणते.

२०२३ सालचे उदाहरण घ्या. एप्रिलात खाते म्हणाले, पाऊस सरासरीच्या ९६ टक्के पडेल. पाच टक्के इकडेतिकडे. पावसाळा संपल्यावर हिशेब केला, तर ९४ टक्के भरला. म्हणजे अंदाज खरा ठरला. पण मधला ऑगस्ट आठवतो का? १९०१ सालापासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. त्या महिन्यात पाऊस सरासरीहून शेकडा ३६ कमी पडला. जुलैत आणि सप्टेंबरात जास्त पडला, म्हणून बेरीज जुळली. सोयाबीनला फुले-शेंगा धरायचे ते दिवस. पिकाला बेरीज कळत नाही हो. त्याला वेळेवर ओल लागते.

आता २०२५ सालचे पाहा. मॉन्सून मुंबईला २६ मे रोजीच पोचला. एरवी तो ११ जूनच्या सुमारास पोचतो. बातमी खरी होती. पण पुढे तो अडला, आणि जूनचा मध्य येईपर्यंत हलला नाही. मॉन्सून आला ही एक बातमी, आणि पेरणीजोगी ओल झाली ही दुसरी बातमी. पहिली टीव्ही देतो. दुसरी आपल्या रानातच मिळते. म्हणून कृषी खाते सांगत असते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका. घाई केली आणि पावसाने ओढ दिली, तर बियाणे गेले, खत गेले, ट्रॅक्टरचे भाडे गेले. उसनवारी तेवढी उरते.

मग कोणता अंदाज कामाचा? मला विचाराल तर पुढच्या पाच दिवसांचा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचे कृषी हवामान पत्रक निघते. मराठवाड्यासाठी परभणीचे कृषी विद्यापीठ ते काढते. त्यात पावसाबरोबर पिकाचा सल्लाही असतो.

तुम्ही आता वाचू लागला आहात, तर ते पत्रक नीट वाचा. त्यात लिहिलेले असते, "तुरळक ठिकाणी हलका पाऊस." आपण घाईत नुसते "पाऊस" वाचतो आणि मग खात्याला शिव्या देतो. तुरळक ठिकाणी म्हणजे, चार जागी पाऊस मोजला तर फार तर एका जागी. काही ठिकाणी म्हणजे चारांतल्या दोन जागांपर्यंत. बऱ्याच ठिकाणी म्हणजे तीनपर्यंत. बहुतांश ठिकाणी म्हणजे त्याहून जास्त, जवळजवळ सगळीकडे. हे शब्द मोजून मापून ठरवलेले आहेत, शोभेसाठी घातलेले नाहीत.

आता खरी गोष्ट. अंदाज चुकतो, हे धरूनच चालायचे. विचार करायचा तो एवढाच, की ऐकले आणि चुकले तर काय जाते, आणि ऐकले नाही तर काय जाते. सोयाबीनची गंजी रानात आहे आणि पत्रक म्हणते पाऊस. ताडपत्री घातली आणि पाऊस नाही आला, तर तासाभराची मेहनत गेली. नाही घातली आणि आला, तर वर्षाचे पीक भिजले. येथे अंदाज दहांत पाच वेळा चुकला तरी ऐकावा. फवारणीचे तसेच. औषध मारले आणि लगेच सर आली, तर पैसे धुऊन गेले. एक दिवस थांबायला काही पडत नाही. विजांच्या इशाऱ्याचे तर बोलायलाच नको. तो ऐकायचा आणि झाडाखाली न थांबता घरी यायचे.

पेरणीचे तसे नाही. लवकर केली तर बी जाते, उशीर केला तर उतारा घटतो. मूग-उडीद तर उशिरा पेरून साधतच नाहीत. मोठा बागायतदार दोन एकर आज पेरतो आणि उरलेले आठ दिवसांनी. तीन एकरवाल्याने काय करावे? ट्रॅक्टर भाड्याचा. ट्रॅक्टरवाला म्हणतो, आज आलो तर आलो, मग चार दिवस जमणार नाही. पाच दिवस पाऊस नाही, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असते, तरी तो आजच पेरतो. मोबाईल वाटून हे सुटणार नाही. चार घरांनी मिळून ट्रॅक्टर ठरवला, तर आपला दिवस आपण मागू शकतो.

आणखी एक. तूर वाळत घालते बाई, रान खुरपते बाई, आणि मोबाईल असतो धन्याच्या खिशात. धनी गेलेला तालुक्याला. बातमी त्याच्यापाशी, ढग हिच्या डोक्यावर! तेव्हा पत्रक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिले जावे. लिहिणारे हात आता या वर्गात आहेत.

आपल्या गावाला अंदाज किती लागू पडतो, हे बाहेरचा कोणी सांगू शकत नाही. ते आपणच पाहायचे. सपाट बुडाचा, सरळ भिंतीचा एक डबा घ्या. झाडापासून, घरापासून दूर, मोकळ्यावर ठेवा. वाऱ्याने पडू नये म्हणून कडेला दगड लावा. रोज सकाळी साडेआठला फूटपट्टी घालून पाणी मोजा, लिहा आणि डबा ओता. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. पेरणीच्या आधी या मापांची बेरीज साडेसात ते दहा सेंटिमीटर व्हायला हवी.

वहीत चार रकाने आखा. तारीख, पत्रकात काय होते, डब्यात किती पडला, आणि आपण काय केले. दिवाळीला ती वही घेऊन बसू. किती वेळा पाऊस सांगितला आणि आला, किती वेळा सांगितला आणि आला नाही, किती वेळा न सांगता आला, ते मोजू. रकाने मी आता फळ्यावर काढून दाखवतो. शुक्रवारचे पत्रक आले की वर्गात पहिल्यांदा तेच वाचायचे. डबा कोण आणणार, तेवढे आताच सांगा.