उशाशी बसणाऱ्यांचा हिशेब

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षाचा जमाखर्च अहवालात स्वतंत्रपणे जोडलेला आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही. आज आम्ही आपले लक्ष अशा एका श्रमाकडे वेधू इच्छितो, ज्याची नोंद कोणाच्याच खातेवहीत नीट होत नाही. धानाची रोवणी आणि कापणी आटोपली की अड्याळ परिसरात बायांच्या हाताला फारसे काम उरत नाही. मग कित्येक लेकी-सुना नागपूरला जाऊन वृद्धांची घरी शुश्रूषा पुरविणाऱ्या कंपनीत, म्हणजे त्यांच्याच शब्दांत ‘ब्युरो’त, नाव नोंदवितात.

आमच्याकडे त्या दोन वाटांनी येतात. कधी रुग्णासोबतची बाई म्हणून, तर कधी उचल-ठेव करून स्वतःचीच पाठ धरली म्हणून. कुटुंब पैसे ब्युरोला देते, ब्युरो आपला वाटा ठेवून उरलेले तिला देते. तिच्या हाती किती पडले हे कुटुंबास ठाऊक नसते आणि कुटुंबाने किती मोजले हे तिला. ड्युटी बारा तासांची किंवा चोवीस तासांची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णास शय्याव्रण होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, हे आमच्या परिचारिका प्रत्येक नातेवाइकास बजावतात. आता बाई एकटी, ड्युटी चोवीस तासांची आणि दर दोन तासांनी कूस. तर ती झोपते केव्हा? वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊनही आम्हांला हा ताळेबंद जुळविता आलेला नाही. रुग्णालयात हेच काम पाळ्यांत वाटलेले असते. पाठीवर जखम झालेला वृद्ध दाखल झाला की घरची मंडळी मात्र प्रथम तिच्याकडे बोट दाखवितात.

काहींना शिकविलेले फार थोडे असते. उताण्या निजलेल्या रुग्णास घास भरवू नये, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, एवढेही कोणी सांगितलेले नसते. आणि रुग्ण दगावला की त्याच दिवशी तिचे काम संपते. महिनोन् महिने ज्यांना भरविले, त्यांच्या तेरवीचे बोलावणे तिला येईलच असे नाही. तोवर ती दुसऱ्या घरी रुजू झालेली असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली संमत केलेल्या घरकामगारविषयक १८९ क्रमांकाच्या करारात आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती सांगितली आहे. भारताने त्यास अद्याप अनुमोदन दिलेले नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यातील नोंदणी १८ ते ६० या वयाची. केंद्राचा २००७ चा ज्येष्ठ नागरिकविषयक कायदा साठाव्या वर्षी माणसास ज्येष्ठ मानतो. म्हणजे घरकामगार म्हणून नोंद झालेली बाई ज्या वयात स्वतः ज्येष्ठ होते, त्याच वयात तिचे नाव त्या नोंदणीबाहेर जाते. केरळात ‘कुटुंबश्री’ने २०१८ साली ‘हर्षम्’ या नावाने स्त्रियांना वृद्धसेवेचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. तेवढा आवाका आमचा नाही.

तरी दोन गोष्टी आम्ही योजिल्या आहेत. रुग्णास घरी सोडताना नातेवाइकांना आम्ही विचारणार आहोत की बाई ठेवणार असाल तर ती निजेल कोठे, जेवेल काय, आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी रुग्णाजवळ कोण बसेल. प्रश्न काहींना आगाऊपणाचा वाटेल, वाटो. दुसरे, गावातून निघण्यापूर्वी या बायांना आमच्या वॉर्डात कूस बदलणे, भरविणे, खाटेवरून खुर्चीत बसविणे हे विनामूल्य शिकविण्याचा वर्ग. तिच्या मागे घरी राहिलेली सासू आमच्या बाह्यरुग्ण विभागात अनेकदा एकटीच येते. तिच्या औषधपाण्याकडे लक्ष देण्याचे कामही या वर्गाशीच जोडलेले राहील. वर्गासाठी सरावाची एक खाट, एक चाकांची खुर्ची आणि परिचारिकेचे मानधन एवढी निकड आहे. ज्या देणगीदारांना यांपैकी काही उचलावयाचे असेल, त्यांनी सभेनंतर कार्यालयात नाव द्यावे.