फुंकरीची पेटी

गणपतीपुळ्याहून किनाऱ्याच्या रस्त्याने रत्नागिरीकडे यायला लागलं, की वाटेत आरे आणि वारे ही जोडगावं लागतात. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर. या बाजूच्या वाड्यांतून फिरलात तर देवळात नाही तर कुणाच्या तरी घरी पेटी दिसतेच. भाद्रपदात ती घरोघर फिरते, एकादशीला देवळात वाजते. पण ती पेटी भजनी मंडळाची. तिच्यावर पोरांनी हात टाकलेला मोठ्यांना खपत नाही, आणि त्यात मोठ्यांचं फार चुकतं असंही नाही. भाता फाटला की दुरुस्तीला शहर गाठावं लागतं.

मग शाळेतल्या मुलाने सुराला बोट लावायचं कधी? या प्रश्नाला एक स्वस्त उत्तर आहे, त्याविषयी आज बोलायचं आहे. त्या वाद्याचं नाव मेलोडिका. कुणी मेलोडियन म्हणतात, कुणी पियानिका; ही नावं कारखान्यांनी दिलेली, वस्तू एकच. हातभर लांबीची हलकी पेटी, वर पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, आणि भात्याच्या जागी आपली फुंकर.

पेटीत जशा पितळी जिभा असतात, ज्यांना आपले पेटीवाले नुसतं ‘सूर’ म्हणतात, तशाच त्या इथेही असतात. पट्टी दाबली की वाट मोकळी होते, वारा जिभेवरून जातो, जीभ थरथरते आणि सूर निघतो. ही युक्ती मूळची पूर्वेकडची. चीनमध्ये शेंग नावाचं तोंडाने फुंकायचं वाद्य हजारो वर्षांपासून आहे. अठराव्या शतकात युरोपातल्या कारागिरांनी तिच्यावरून प्रयोग सुरू केले, पुढे पॅरिसमध्ये १८४० च्या सुमारास हार्मोनियम तयार झाला. त्याला पायाचा भाता होता. मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांसाठी हातभात्याची पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. मेलोडिका त्या मानाने कालची पोर. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावच्या होनर कारखान्याने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती बाजारात आणली. जपानने ती उचलली आणि तिथल्या प्राथमिक शाळांत लहान मुलांच्या हाती दिली.

परक्या वाद्याचं आपल्याकडे वावडं असतं असं म्हणतात, पण गोविंदराव टेंब्यांनी पेटीला मैफलीत कुठे नेऊन बसवलं हे आपण जाणतोच. तरी एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. याच आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ पासून थोडं थोडं उघडलं. आक्षेप असा, की पेटीचे सूर ठरावीक जागी बसवलेले. त्यात मींड निघत नाही आणि आपल्या रागांचे बारीक चढ-उतार तिला दाखवता येत नाहीत. हा आक्षेप मेलोडिकालाही तंतोतंत लागू आहे. तेव्हा रागदारी शिकवायला मेलोडिका घेऊ नका. ती घ्यायची ती मुलांना सा सापडावा म्हणून.

आणि गुरुजी, बाई, इथे मला जरा थांबायचं आहे, कारण खरी अडचण वाद्याची नसतेच. सकाळी प्रार्थना होते. गुरुजी आपल्या गळ्याच्या सोयीने काळी एक किंवा काळी दोनचा सा धरतात. पुरुषाचा गळा तो. मुलांना तितके खालचे सूर निघत नाहीत. मग निम्मी मुलं पुटपुटतात, उरलेली एक सप्तक वर उडी मारतात, आणि अंतरा आला की मानेच्या शिरा ताणून किंचाळतात. गुरुजी म्हणतात, हा पोरगा बेसूर आहे. दोन-तीनदा असं ऐकलं की पोरगा गायचं सोडतो, ते कायमचंच. पुष्कळ मोठी माणसं ‘मला गाता येत नाही’ म्हणतात, त्यांतल्या कित्येकांची गोष्ट अशीच शाळेच्या पटांगणात सुरू झालेली असते.

उपाय सोपा आहे. सा मुलांच्या गळ्यातून घ्या. काळी चार ते काळी पाच या टापूतला सा बहुतेक मुलामुलींना मानवतो. आधी काळी चार धरून प्रार्थनेतली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची जागा मुलांकडून हळू आवाजात म्हणवून घ्या. खालची जागा घशात अडकली तर सा एक पट्टी वर न्या. वरची जागा ओरडल्याशिवाय येत नसेल तर एक पट्टी खाली. गुरुजींना स्वतःला ते अवघड जाईल, पण म्हणून तर हाताशी वाद्य हवं. मेलोडिकाचा आवाज मुलांच्याच सप्तकात असतो, त्यामुळे मुलाला सूर कानावर पडला तसाच गळ्यातून काढता येतो.

आता विकत घेण्याविषयी. बाजारात बत्तीस पट्ट्यांची आणि सदतीस पट्ट्यांची मेलोडिका मिळते. त्याहून लहान घेऊ नये, ती खेळणी. शाळेला बत्तीस पट्ट्या भरपूर झाल्या. मात्र एक लक्षात असू द्या. या वाद्यांची डावीकडची पहिली पट्टी साधारणपणे पांढरी चार असते. पहिली पांढरी पट्टी ती पांढरी एक, असं समजून मोजायला लागलात तर सगळा हिशेब चुकेल. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जुडग्यांनी येतात. दोनांचं जुडगं शोधा; त्यातली डावीकडची काळी एक, आणि तिच्या लगत डावीकडची पांढरी ती पांढरी एक. काळी चारचा सा अगदी डावीकडे धरला तर त्याखाली मंद्रातले फक्त नी आणि ध मिळतात. प्रार्थना, आरती, समूहगीत यांचं काम त्यात बहुधा भागतं.

दुकानात पट्टी न दाबता फुंकून पाहा. वारा कुठून निसटत असेल तर ती बाजूला ठेवा. मग एकेक पट्टी अगदी हलक्या फुंकरीने वाजवा. जोराने फुंकल्यावर सगळेच सूर बोलतात, हलक्या फुंकरीला उशिरा बोलणारा सूर पुढे दगा देतो. त्यानंतर मधला सा आणि वरचा सा एकदम दाबा. आवाज सरळ उभा राहिला पाहिजे. हेलकावे ऐकू आले तर सूर जुळलेले नाहीत. आणि जमलं तर गावातल्या पेटीशी ताडून पाहा. जुन्या पेट्या पुष्कळदा उतरलेल्या असतात. अशी पेटी आणि नवी मेलोडिका एकत्र वाजली की दोघींचं भांडण लागतं. अशा वेळी पेटीवाल्याकडून पेटीच जुळवून घ्यावी, मेलोडिकाला हात लावू नये. पेटीचे सूर गुजरातेत पालिताण्याला तयार होतात आणि सुटे मिळतात. मेलोडिकाच्या जिभा मात्र एका पत्र्यावर ओळीने जडवलेल्या असतात. त्यांतली एक बिघडली तर तेवढीच बदलून मिळणं कठीण.

वाजवायचं कसं? लहान मुलांनी नळी लावून, वाद्य बाकावर आडवं ठेवून वाजवावं, म्हणजे बोटं डोळ्यांना दिसतात. हात सरावल्यावर डाव्या हाताने धरून, आखूड मुखपट्टीने. अंगठ्यासह पाचही बोटं वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा; एका बोटाने टिपून वाजवण्याची खोड लागली की सुटता सुटत नाही. फुंकर चहा निववताना घालतो तेवढीच. दोन सूर वेगळे काढायचे तर जिभेने ‘तू तू’ म्हणावं, आणि जोडायचे तर फुंकर न तोडता बोट बदलावं.

पेटीवर भाता चालू राहतो आणि वाजवणारा ओळ संपली तरी सूर धरून ठेवू शकतो. इथे श्वास संपला की सूर संपला. त्यामुळे मूल आपोआप जिथे गाताना श्वास घ्यायचा तिथेच थांबायला शिकतं. पेटीवर नसलेला हा गुण मला फार मोलाचा वाटतो. म्हणून ओळ आधी गाऊन घ्या, श्वासाच्या जागा ठरवा, मग वाजवा. आणि आठवड्यातून एक दिवस वाद्य कपाटात ठेवून नुसतं गा, नाही तर मुलं बोटांनी पाठ करतील आणि कान झोपी जाईल.

एक गोष्ट निक्षून सांगतो. वाद्य एक असलं तरी चालेल, पण मुखपट्टी किंवा नळी प्रत्येक मुलाची वेगळी हवी. एकाच्या तोंडातली दुसऱ्याच्या तोंडात जाऊ देऊ नका. सर्दी-खोकला अशानेच पसरतो. सुट्या नळ्या विकत मिळतात. वाजवून झालं की साबणाच्या पाण्याने धुवाव्या आणि सावलीत टांगून वाळवाव्या.

आपल्या किनाऱ्यावर या वाद्याला दोन शत्रू आहेत, आतली थुंकी आणि बाहेरची खारी हवा. वाद्याच्या एका टोकाला पाणी काढायची कळ असते. तास संपला की ती दाबून, पट्ट्या न दाबता दोन-तीनदा फुंकावं, खाली फडकं धरावं. मग लगेच पेटीत कोंबू नये; तासभर उघडं ठेवावं. तसं न केलं तर जिभांवर हिरवी जंग चढते आणि सूर उतरतो. पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा पोलादी असतात, त्या खाऱ्या वाऱ्याने गंजतात, म्हणून समुद्राकडच्या खिडकीत वाद्य ठेवू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात, फडक्यात बांधलेल्या भाजक्या तांदळाच्या पुरचुंडीसह ठेवलं तर दमट हवेचा त्रास कमी होतो. तांदूळ आठवड्याने पुन्हा भाजून कोरडा करून घ्यावा. शेंगदाणे, चिंचा खाऊन आलेल्या मुलाला आधी चूळ भरायला लावा, कारण जिभेखाली एक कण अडकला तरी तो सूर मुका होतो. मुका झालेला सूर मोकळा करायला टाचणी घालणारे उत्साही गुरुजी असतात. कृपा करून तसं करू नये. जीभ जरा खरवडली गेली तरी सूर बदलतो; टोकाशी खरवडली तर चढतो, मुळाशी खरवडली तर उतरतो. पेटीवाले याच रीतीने सूर जुळवतात, पण ते त्यांच्या हाताला कळतं.

जूनमध्ये शाळा उघडली की सुरुवात करावी. पहिला महिना नुसता सा आणि त्याच्या आसपासचे चार सूर, दुसऱ्या महिन्यात प्रार्थना. गणपती येईपर्यंत एक आरती बसते. त्या वेळी वाडीतल्या बुवांना एकदा शाळेत बोलवा. त्यांच्या पेटीने सा धरावा, मुलांनी मेलोडिकावर आरतीची चाल वाजवावी, आणि बाकीच्या मुलांनी गावं, काळी चारमध्ये.